तुटक्या दाताचा आडाळो

आडाळो जागेवर नव्हता. मोरीच्या कठड्याला टेकून, पातं भिंतीकडे करून तो आडवा निजलेला असायचा. तिथं आता त्याच्या पाटाएवढी फरशी तेवढी बाकीच्या फरशीहून उजळ दिसत होती. रखमानं हात आधी पुढं केला आणि पाहिलं नंतर, कारण त्या जागेकडे बघायची तिला उभ्या संसारात गरज पडली नव्हती. एका हातात फोडलेल्या नारळाची वाटी, दुसरा हात रिकामा. तिनं ओट्याखाली पाहिलं, पिंपामागं पाहिलं, माळ्याकडे मान वर केली तर डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि दाराची चौकट धरावी लागली. हल्ली असं व्हायचं. रक्त कमी झालंय, असं सगळे सांगत होते, जणू ती ते कुठंतरी सांडून आली होती. "अनुजा," तिनं हाक मारली, "आडाळो खय गेलो गो?" सून आरशासमोर केसांना क्लिप लावत होती. काळाचौकीहून दादरच्या शाळेत पोचायचं, तिथल्या ऑफिसात वेळेवर सही करायची, तिची रोजची घाई. "धार लावायला दिलाय, आई," ती आरशातच म्हणाली. "तुम्ही खाली बसू नका हं. खोबरं मिक्सरला लावून ठेवलंय मी." आणि चपला घालून गेलीसुद्धा. धार गणपतीच्या आधीच लावून झाली होती, रखमानं स्वतः खाली उभं राहून लावून घेतली होती, आणि धारवाला त्यानंतर या बाजूला फिरकला नव्हता. अनुजाला धड खोटं बोलता येत नाही, हा तिचा एक चांगला गुण. मिक्सरचं झाकण काढून रखमानं आत पाहिलं. खोबऱ्याचा नुसता भुगा झाला होता. तिनं झाकण परत लावलं.

तो आडाळो देवगडच्या लोहारानं केलेला. फणसाचा पाट, त्यात रोवलेलं वाकडं पातं आणि पात्याच्या शेंड्याला नारळ खवायचे दाते. पुण्याकडची माणसं अशाला विळी म्हणतात आणि तिच्यावर काकडी चोचवतात. रखमानं याच्यावर सुरमई कापली होती, सुके बांगडे कापले होते, सुरण, फणस, काय वाट्टेल ते. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन लुगडी होती आणि गोणपाटात गुंडाळलेला हा. जयवंतला, तिच्या नवऱ्याला, त्याची लाज वाटली होती. मुंबईत काय आडाळे मिळत नाहीत, म्हणाला होता. पुढं याच खोलीत खानावळ निघाली, तिन्ही पाळ्यांचे गिरणीवाले जेवून जायला लागले, तेव्हा तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला आडाळो दाखवायचा. मग गिरण्या गेल्या, जेवणारे गेले, जयवंत गेला. आडाळो राहिला. चाळीत कुणाकडे सत्यनारायण असला, साखरपुडा असला की नारळ अजूनही रखमाकडे यायचे. पातं झिजून अर्धं झालं होतं. दात्यांतला एक दात तुटला होता, तिचा मुलगा हितेंद्र, घरातला हितू, लहान असताना त्यानं त्याच्यावर पत्र्याचा डबा उघडायचा पराक्रम केला होता तेव्हा.

आणि गेला तो एकटाच गेला नव्हता. आता लक्ष देऊन बघितलं तेव्हा तिला एकेक दिसायला लागलं. सुईदोऱ्याचा डबा नाही. नखं कापायचं यंत्र नाही. दात घासायचा ब्रश गेला होता आणि त्या जागी लहान मुलांचा, मऊ, वर ससा काढलेला ब्रश उभा होता. बहात्तर वर्षांच्या बाईला ससा. ती कॉटवर बसली. परवा रिपोर्ट आला तेव्हापासून घरात काहीतरी चवड्यांवर चाललं होतं, हे तिला कळत होतं. कमरेखाली शेक सुरू होते. खरं नाव रेडिएशन, पण परळच्या हॉस्पिटलात बाकांवर बसलेल्या सगळ्या बाया त्याला शेकच म्हणायच्या. निम्म्याहून जास्त झाले होते. दर आठवड्याला रक्त काढायचे आणि दर आठवड्याला ते जरा जरा उतरायचं. परवा एकदम घसरलं. डॉक्टर वैदेही म्हणून एक मुलगी आहे, मुलगीच ती, रखमाला नात शोभेल अशी. तिनं नीट समजावून सांगितलं होतं. रक्त हाडांच्या आत तयार होतं, आजी, आणि शेक जातो तोच कमरेच्या हाडांवरून, त्यामुळं तिथला कारखाना मंदावतो. वय झालेल्यांचा जरा जास्तच. प्लेटलेट कमी झाल्या आहेत, म्हणजे कुठं कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. थोडे दिवस मशीन बंद ठेवू. बोलली चांगलं, पण कारखान्याचं उदाहरण तिनं द्यायला नको होतं. या भागात कारखाना मंदावला असं कुणी म्हणालं की पुढं काय होतं, ते रखमानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी थोडे दिवस बंद. मग गेटला कुलूप. मग एक दिवस तिथं काचेची इमारत उभी राहते आणि आपली पोरं गळ्यात पट्टे अडकवून तिथं कामाला जातात. नंतर डॉक्टरनं हितेंद्रला बाजूला बोलावलं होतं. दाराच्या काचेतून तिला मुलाची पाठ दिसत होती. पाठ खाली खाली वाकत गेली. बाहेर आला तो तोंड पुसून, आणि टॅक्सीत चिंचपोकळीच्या पुलापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. एकदाच म्हणाला, "या वयात, आई..." आणि पुढचं गिळलं.

या वयात. रक्ताचं आणि तिचं असंच चाललं होतं पहिल्यापासून, कधी जास्त, कधी कमी, आणि प्रत्येक वेळी तिलाच कोपऱ्यात बसवायचं. न्हाण आलं तेव्हा आजीनं पडवीत बसवलं, वेगळा तांब्या, वेगळं घोंगडं, आणि सांगितलं, कशाक शिवायचा नाय. सासरी सासूनं तेच. महिन्याचे ते दिवस आडाळ्याला हात लावायचा नाही, विटाळ होतो. आता पात्याला कसला विटाळ होणार, ते तर बांगड्याचं पोट फाडतं, पण विचारायची सोय नव्हती. मग सासू गावाला गेली, इकडं खानावळ लागली, आणि ते दिवस आले तेव्हा दाराबाहेर रात्रपाळीची माणसं हातपाय धुऊन ओळीत उभी होती. कोण कुणाला कोपऱ्यात बसवणार? रखमा आडाळ्यावर जाऊन बसली. देवाच्या फळीकडे तिनं पाठ केली, मांडी पाटावर घट्ट रोवली आणि नारळ खवायला घेतला. काहीही झालं नाही. आमटीसुद्धा नासली नाही. उलट एक जण म्हणाला, वहिनी, आज सार फर्मास झालंय. त्यानंतर ती कधी बसली नाही कोपऱ्यात. कुणाला सांगितलं नाही, नलूलासुद्धा नाही. मग पाळी गेली तेव्हा तिनं सुटकेचा श्वास सोडला, आता या रक्ताशी आपला संबंध संपला म्हणून. तर ते या वर्षी परत आलं, सत्तरी उलटल्यावर, लुगड्यावर ठिपका होऊन, आणि त्यातनंच गर्भपिशवीच्या तोंडाशी बसलेलं हे दुखणं सापडलं. तेव्हा नको असताना आलं. आता हवं आहे तर नाही. आणि या दोन्हींत पुन्हा आडाळ्याला शिवायचं नाही ते नाहीच. रखमाला इतका राग आला की तिला बरं वाटलं.

नलू आली ती एका हातात पपईच्या पानांच्या रसाचा पेला आणि दुसऱ्या हातात झाकलेली ताटली घेऊन. ती शेजारच्याच खोलीतली, रखमाच्याच वयाची, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या मजल्यावर आलेल्या. "पी," म्हणाली, "नाक धरून पी. प्लेटलेटी वाढतत." रखमा प्यायली. कडू जहर होतं ते, कारल्याला गोड म्हणायला लावणारं. "डॉक्टर म्हणता, ह्याचो काय उपयोग नाय," ती तोंड वाकडं करून म्हणाली. "डॉक्टरीन कधी प्यालीहा काय? माझ्या भाच्याक डेंगी झाल्लो तेव्हा..." भाच्याची गोष्ट रखमाला पाठ होती. तिनं ताटलीवरचं झाकण काढलं. दोन आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वर पेरलेलं पांढरंशुभ्र ताजं खोबरं. तिचा घास अर्ध्यावर थांबला. खोबऱ्याच्या बारीक किसात मधेच एक लांब धागा होता. मग दुसरा. तिनं बोटानं उसळ सारली आणि तिसराही निघाला, चांगला बोटभर, वळलेला. नलूकडे स्टीलची खवणी होती, सुनेनं आणलेली, तिचं खोबरं मुंगीएवढं पडायचं. असा धागा पडायला दात्यांतला एक दात तुटलेला लागतो. अख्ख्या चाळीत तसा दात एकाच ठिकाणी होता. रखमानं धागा बोटावर घेतला आणि नलूपुढं धरला.

"ह्या काय?"

"खोबरा," नलू म्हणाली. मग तिच्या तोंडावरचा रंग बदलला. बाई चहाडीला वाघीण, पण पकडली गेली की शेळी.

"आडाळो तुझ्याकडे कसो इलो?"

"माका काय विचारतंस? हितून दिल्यान. काकी, पलंगाखाली ठेव म्हणालो, आयेच्या हाती लागूक नको. मी ठेवलंय. सकाळी म्हटला, पडलोच आसा तर एक नारळ खवून बघूया." तिनं पदर तोंडाला लावला. "काय धार गो त्याका. लोण्यासारखो चलता."

रखमाला हसू आलं असतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती हसली असती. "पलंगाखाली किती दिवस ठेवूचो आसा? रक्त वाढासर?"

नलू गप्प बसली. पन्नास वर्षांत नलू आपणहून गप्प बसलेली तिनं पाहिली नव्हती. मग तिनं पेला उचलला, खाली ठेवला आणि म्हणाली, "तुका सांगूक नाय त्यांनी? अगो, गावाक नेतत तुका. रविवारची तिकिटा काढल्यान हितून. आता मशीन पुरे म्हणालो. डॉक्टरीन बोलली म्हणे, ह्या वयात झेपणा नसात तर हयच थांबवला तरी चलात. गावची हवा बरी, म्हणालो. आडाळो मग तूच वापर, काकी, म्हणालो." शेवटचं वाक्य बोलल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. ती रडायला लागली. रखमानं तिला रडू दिलं आणि उसळ संपवली. धागेसुद्धा खाल्ले. अन्नावर राग काढायचा नसतो.

नलू गेल्यावर ती कॉटवर आडवी झाली, पण झोप कुठली. लुगडं जरा वर केलं. मांडीवर निळा डाग होता, कडेला हिरवट झालेला, लांबट. परवा आडाळ्यावर बसली होती तेव्हा पाटाची कड लागली असणार, एवढंच. पूर्वी तिला कधी वळ उठला नव्हता. तिनं डागावर बोट दाबलं. दुखत नव्हतं. त्याचीच तिला भीती वाटली, खरी भीती. आतल्या आत रक्त फुटत होतं आणि तिला खबरसुद्धा लागत नव्हती. मरणाला ती भीत नव्हती असं मुळीच नाही. माणसं म्हणतात, आता काय, सगळं बघून झालं, सुखानं जाऊ. त्यांनी खुशाल जावं. तिला जायचं नव्हतं. तिला सकाळी उठून चहा प्यायचा होता, नलूशी भांडायचं होतं, नाताळात बाजारात येणारे मोठे बांगडे खायचे होते. यात वय कुठून आलं? गावाला काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. ओटीवर खाट टाकतील. येणारे-जाणारे खाली मान घालून उभे राहतील. हवा चांगली असेल, हवा तिथली पहिल्यापासून चांगलीच आहे, जयवंतची आई त्याच हवेत गेली. आणि हितू दर शनिवारी फोन करून विचारील, जेवली का. त्याचं वाईट वाटत होतं तिला. वाईट वाटत होतं आणि त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटत होती. पोरगा प्रेमळ, पण भित्रा. लहानपणी मांजरीची पिल्लं मरायला लागली की हा पांघरूण डोक्यावरून घेऊन बसायचा. पिल्लांना दूध कोण पाजणार, तर आई.

संध्याकाळी हितेंद्र आला. बॅग ठेवून हात धुवायला मोरीत गेला आणि तिथं उजळ फरशीवर त्याची आई बसलेली होती, भिंतीला टेकून, पाय पसरून.

"आई, खाली कशाला बसलीस? उठायला होणार नाही तुला."

"रविवारचा तिकीट काढलंस?"

त्यानं अनुजाकडे बघितलं. अनुजानं भाजीकडे.

"तुला त्रास होतोय ना," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाल्या, ऑप्शन आहे. थांबवलं तरी चालेल. रोज तुला असं बघायचं, उलट्या, चक्कर, आता हे ब्लड... माझ्याच्यानं बघवत नाही, आई."

"बघवणा नाय तर डोळे मीट."

"अगं असं काय बोलतेस? पुढं अजून घसरलं तर? ब्लीडिंग सुरू झालं तर? या वयात..."

"वय माझा आसा मा? मग त्याका काय झेपता, ता माका विचार. डॉक्टरनीन तुका ऑप्शन दिल्यान. दुखणा तुका झालाहा काय?" तिचा आवाज चढला तसा शेजारचा टीव्ही बारीक झाला. चढू दे. "माझो आडाळो दिलंस, माझो ब्रश काढलंस, माका विचारूक नाय. मी गावाक जातलंय. मशीन पुरा झाला की जातलंय, माझ्या पायांनी. मधेच सोडून नाय."

हितेंद्र मोरीच्या कठड्यावर बसला. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्यावरचे केस विरळ झालेले, आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, मांजरीच्या पिल्लांच्या वेळी पांघरूण घ्यायचा तसं. अनुजानं गॅस बंद केला. "मी म्हटलं होतं यांना," ती हळूच म्हणाली, "आईंना विचारा." रखमाला ते खरं वाटलं, कारण अनुजा या वेळी आरशात बघून बोलत नव्हती.

रविवारच्या आधी आलेल्या तपासणीला ती चांगलं पातळ नेसली आणि डॉक्टरसमोरच्या खुर्चीत स्वतः बसली. हितेंद्र उभा राहिला. डॉक्टर वैदेहीनं रिपोर्ट पाहिला आणि सवयीनं हितेंद्रकडे मान वळवली. "हयसर बघ, बाय," रखमा म्हणाली. मुलगी थबकली. मग तिनं खुर्ची सरळ केली आणि आजीकडे तोंड करून बोलायला लागली, हे मात्र रखमानं तिच्या जमेस धरलं. आकडा थोडा चढला होता. पुरेसा नाही. अजून काही दिवस वाट बघायची, गरज पडली तर बाहेरून प्लेटलेट चढवायच्या, मग मशीन सुरू. पुन्हा घसरणार नाही याची खात्री देता येत नाही. फार दिवस बंद ठेवलं तर शेकाचा जोर कमी पडतो, तेही खरं. "माझ्या वयाच्यांचा पुरा होता की नाय?" रखमानं विचारलं. "होतं, आजी. काहींचं मधेच थांबवावं लागतं. मी खोटं सांगणार नाही." "त्यांकाच थांबवूचा होता की रक्तान थांबवल्यान?" डॉक्टरनं हातातला रिपोर्ट खाली ठेवला. "दोन्ही," ती म्हणाली. "बरेचदा आम्हाला नक्की कळतही नाही. घरचे म्हणतात पुरे." हितेंद्र जमिनीकडे बघत होता. "माझ्या घरचे म्हणूचे नाय," रखमा म्हणाली. "रक्त तू बघ. बाकीचा माझ्याकडे." मग तिनं आडाळ्याचं विचारलं, अगदी सरळ. डॉक्टरला आडाळो म्हणजे काय ते कळेना. हितेंद्रनं हातवारे करून सांगितलं आणि मुलीचे डोळे मोठे झाले. "अजिबात नाही. आकडा वर येईपर्यंत हातसुद्धा लावायचा नाही." रखमानं मान डोलावली. हे तिला पटलं होतं, मांडीवरच्या डागानं आधीच पटवून दिलं होतं. विटाळ आणि हे, दोन्ही एक नव्हतं. हे तिला समोर बसवून सांगितलं होतं.

तरी आडाळो घरी आला. त्याच संध्याकाळी हितेंद्र नलूच्या पलंगाखालून घेऊन आला. नलूनं दोनदा विचारलं, आज लगेच हवा का. त्यानं तो मोरीजवळ ठेवायला वाकून पातं भिंतीकडे केलं तेव्हा रखमा कॉटवरून म्हणाली, "ठेवू नको. बस त्याच्यार."

"मी?"

"मग काय मी? माका बंदी आसा. नारळ फोडून ठेवलेलो आसा, उद्या माका सार होया. रक्त काय मिक्सरच्या भुग्यान वाढता?" अनुजा तोंडावर हात धरून हसली. हितेंद्रनं पँट वर ओढली आणि बसला. गुडघा कुठं घालायचा ते त्याला कळेना. एकदा पाट उलटला, एकदा तोच. "मांडी पाटार घाल, मेल्या, उकिडवो कसलो बसतंस. वाटी दोनी हातांनी धर. दाब देव नको, फिरव." पहिलं खोबरं ताटात पडलं, मग करवंटीचं काळं पडलं, मग परत पांढरं. मधेच तो लांब धागा. स्वतः तोडलेल्या दाताचा धागा त्यानं उचलून पाहिला आणि बहुधा त्याला पत्र्याचा डबा आठवला, कारण तो ओशाळून हसला, आणि त्याच वेळी वाटी सटकली. अंगठ्यावर लाल रेघ उमटली. थेंब झाला, मोठा झाला, पाटावर पडला. अनुजा हळदीचा डबा घेऊन धावली. रखमा कॉटवरून उठून, चौकट धरत, त्याच्यापर्यंत गेली आणि त्याचा हात धरून उजेडाकडे वळवला.

हळदीच्या कडेनं अजून एक थेंब आला. मग अर्धा. मग कडा गडद झाली, जाड झाली, आणि पुढं काही आलं नाही. रखमा बघत राहिली. तिला हेवा वाटला, पोटच्या पोराच्या अंगठ्याचा, उघडउघड हेवा. इतकं सोपं होतं हे, कुणी काही न करता आपलं आपण थांबणारं, आणि इतकी वर्षं तिनं ते एकदाही निरखून पाहिलं नव्हतं. हे रक्त कुठल्या कारखान्यातलं ते तिला कुणी सांगायला नको होतं. तो कारखाना अजून तिच्याच कमरेत होता, आणि त्याच्या गेटला कुलूप लागलेलं नव्हतं. तिनं बोटानं त्या वाळलेल्या कडेला हलकेच स्पर्श केला.

"थांबला," ती म्हणाली. "माझा पण असाच थांबतला."

हितेंद्रनं खिशातून फोन काढला आणि डाव्या हातानं, चाचपडत, रविवारची तिकिटं रद्द केली. रखमानं ते पाहिलं. मग ती कॉटवर जाऊन टेकली आणि ताटाकडे बोट केलं.

"हात धू. अर्धी वाटी अजून उरली आसा. खव."